नदीपलीकडचं भाडं

घरमालकाचं पत्र जानेवारीत आलं,
भाषा लोण्यासारखी, आकडा मात्र टणक.
आदेरितोनं ते फ्रिजवर लावलं, माशाच्या चुंबकाखाली,
आणि तीन दिवस दूध काढताना
आम्ही त्याच्याकडे न बघण्याचा सराव केला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण आमचं अंथरूणच दरवर्षी वीतभर आखूड होत होतं.
वरच्या मजल्यावर आता कुणी राहत नाही,
नुसते उतरतात.
रात्री दीडला चाकांच्या बॅगा
जिन्याची एकेक पायरी आपटत वर जातात.
दोना इदालिना राहायची तिथं. तिच्या खोलीचं नाव आता
‘लिंबाचं झाड’.
झाड कधीच नव्हतं.

मग बेनेदितानं दप्तरातला कंपास काढला,
लिस्बनवर टोक रोवलं, वर्तुळ ओढलं.
मी म्हटलं, अंतर नको, मिनिटं मोज.
मिनिटांचं वर्तुळ गोल नसतं गं,
ते रुळांच्या कडेनं लांब जीभ काढतं
आणि जिथं बस जात नाही तिथं पोट आत घेतं.

एन्त्रोन्कामेन्तोला तीन खोल्या मिळत होत्या,
वर अंगणात संत्र्याचं झाड, खरोखरचं.
पण माझी पाळी सहाला सुरू होते,
इस्पितळाच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत.
तिथून यायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागेल,
आदेरितो म्हणाला, आणि हसला नाही.

विला फ्रांकाचं घर त्याला फार आवडलं.
मलाही, स्वयंपाकघरापर्यंत.
भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक तपकिरी रेघ होती.
जुना रंग, घर दाखवणारा पोरगा म्हणाला.
मी बोट फिरवलं.
नदी येऊन गेली होती.

बारेइरोचं नाव काढलं की लोक नाक मुरडायचे.
माझी बहीण म्हणाली, कारखाने गेले, वास राहिला,
तिथल्या मातीत कोथिंबीरसुद्धा लावू नकोस.
भाडं सांगितलं तेव्हा
तीही क्षणभर गप्प बसली.

घराआधी वाट बघावी म्हणून
आदेरितोच्या चुलतभावाकडे जमिनीवर झोपून
एका मंगळवारी पहाटेच्या पहिल्या बोटीला गेलो.
बोट आलीच नाही.
धुकं इतकं की पाणी नुसतं ऐकू येत होतं.
एक गवंडी पालथ्या बादलीवर बसला,
एक मुलगी धक्क्याच्या काळ्या काचेत बघून
डोळ्यांत काजळ घालत होती, हात जराही न हलवता.
अर्धा तास, कुणीतरी म्हणालं,
वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं.
कुणी हसलं नाही आम्हाला बघून, विचारपूस नाही.
फक्त बाकावरची एक बाई, मान वर न करता,
सरकली.
एका माणसाची जागा झाली.

तिथं बसले तेव्हा माझं ठरलं.
आदेरितोला अजून वाटतं, आकड्यामुळे ठरलं.
वाटू दे.
त्या दिवशी मुकादमीणबाईंनी माझा तासाचा पगार कापला.

नदीकडे तोंड असलेली खोली चाळीस युरोंनी महाग होती.
आम्ही मागची घेतली,
समोर रेल्वेचं बंद वर्कशॉप, आणि त्याच्या कुंपणाशी
मातीला न जुमानता कोबी लावणारा एक म्हातारा.

खरा पडदा येईपर्यंत
बेनेदिताचा नकाशा खिडकीला टाचलाय.
कंपासचं टोक जिथं रुतलं तिथं भोक पडलंय,
नेमकं आमच्या जुन्या गल्लीवर.
सुट्टीच्या सकाळी ऊन आलं
की तेवढंच एक टिंब ओट्यावर उतरतं.

मी त्यावर कप ठेवते.